छोटी माटवी: एप्रिल ते नोव्हेंबर २०२५च्या कामाच्या नोंदी

११ एप्रिल

गेल्या चतुर्थीला घरात माटवी बांधत होतो. मुंबईहून आलेल्या तिन्ही भाचरांना नारळ-सुपारी सोडून वर टांगलेल्या एकाही वस्तूचं नाव येईना. मी भराभर सांगत गेले आणि शेरवडीशी अडले. पांढरं दिसतं ते पान की फूल, हे मलाही नक्की माहीत नव्हतं. मी चित्रं काढून पोट भरते, तीही इथल्याच झाडापानांची. तेव्हापासून हे डोक्यात आहे.

तळकोकणाबाहेरच्यांसाठी: गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला रानातली फळं, फुलं, वेली बांधतात, ती माटवी. कुणी माटी म्हणतं, गोव्यात माटोळी. मुंबईच्या फ्लॅटमध्ये ना चौकट टांगायला जागा, ना कवंडळासारखं रानफळ मिळत.

ठरलं ते असं. एक फूट बाय एक फुटाची चिवाराची (बांबूची) चौकट. सावंतवाडीच्या पद्धतीची आठ लाकडी फळं: असोला नारळ, सुपारी, तवसं (मोठी काकडी), तोरींजन (लिंबाच्या जातीचं मोठं फळ), पडवळ, दोडका आणि दोन कवंडळं. पानंफुलं लेथवर काढता येत नाहीत, म्हणून ती जाड कागदावर छापलेल्या गोल चकत्यांवर: शेरवड, हरण, तेरडा, कळलावी, कांगण आणि आंब्याचा टाळा (डहाळी). गोल आकार गंजिफाच्या पत्त्यांवरून सुचला. दशावतारी गंजिफात असे १२० पत्ते असतात. माझे सहाच, पण हातात धरल्यावर तसंच वाटलं पाहिजे. सोबत १२ बाय १८ इंचाचा नावांचा तक्ता. एकूण १२० संच.

सावंतवाडीला चितारआळीत जाऊन आले आणि ओळखीच्या कातारी (लेथवर लाकूड कातणाऱ्या) काकांना फळांचं काम दिलं. आठ नग, न रंगवलेले, संचाला १७६ रुपये. अर्धे पैसे आगाऊ. काका म्हणाले, पूर्वी सगळं पांगाऱ्यात व्हायचं, हलकं आणि मऊ लाकूड, आता मिळेल तसं घ्यावं लागतं.

एक गोष्ट आधीच विचारून घेतली. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे. केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्त कार्यालयात नोंद असलेल्या कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या मालाला त्यातून सूट आहे, पण इथे विकणार मी. म्हणून ही सजावटीची वस्तू आहे, खेळणं नव्हे, आणि पेटीवर तसंच छापायचं.

३ मे

चौकटीसाठी चिवार आला. शेजारच्या गावातून ओला तोडून आणला, स्वस्तात मिळाला म्हणून खूश झाले. बाबा बघून एवढंच म्हणाले, "आता तोडलेला?" मी पुढे काही विचारलं नाही. ते वाक्य लक्षात ठेवण्यासाठी इथे लिहून ठेवते. चौकट बांधून देणाऱ्या वहिनींना नगाला ७० रुपये.

२३ मे

२० तारखेपासून पाऊस धरून बसलाय. माझं सगळं नियोजन ७ जूनच्या आधी ऊन मिळणार या हिशेबावर होतं. फळांची पहिली साठ संचांची खेप १९ला आली, ती अंगणात सुपावर पसरून ठेवली होती. रात्री पाऊस आला तेव्हा मी कुडाळला होते. आईने होतील तेवढी आत ओढली, तरी निम्मी भिजली.

२६ मे

काल मान्सून देवगडपर्यंत पोचल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. म्हणजे ऊन संपलं. आता जे काही वाळवायचं ते घरात.

भिजलेल्यांपैकी १४ नारळांना चिरा गेल्या. काकांना फोटो पाठवला, त्यांनी एका नजरेत सांगितलं: ज्या तुकड्यात मधला गाभा आलाय तोच चिरतो. नारळ सगळ्यांत मोठा नग, त्यासाठी अख्खं गोल लाकूड घेतलं की गाभा आत येतोच. बारीक सुपारी एकही चिरली नाही. उरलेल्या खेपेत नारळ गाभा टाळून काढायचं ठरलं.

९ जून

आज दिवसभरात ६४ फळं वाया गेल्यासारखी झाली. पोस्टर कलरवर एन.सी. (नायट्रोसेल्युलोज) लॅकरचा, म्हणजे चमक देणाऱ्या लेपाचा, पातळ हात द्यायचा, हे मी चार वर्षं करतेय, पण नेहमी हिवाळ्यात. आज सकाळी तवशी आणि तोरींजनं रंगवून झाली होती, अकराच्या सुमारास लॅकर मारायला घेतला. ओळीतला पहिला नग सुकत आला तसं त्याच्यावर पांढरं दिसायला लागलं. आधी वाटलं ब्रशला पावडर लागलीय. नखाने खरवडलं तर निघेना. पिकल्या जांभळावर असते तशी धुरकट झाक, पण आतून आलेली. तोपर्यंत बाकीची सगळी मारून झाली होती. तासाभरात हिरवी तवशी राखाडी दिसू लागली.

मी टोपलं उचलून चुलीकडे न्यायला निघाले आणि त्याच वेळी काकांचा फोन आला. मी सांगितल्यावर ते जवळजवळ ओरडलेच. थिनरची वाफ पेट घेते, चूल सोडा, पेटलेल्या उदबत्तीजवळही न्यायचं नाही.

मग नीट समजावून सांगितलं. लॅकरमधला थिनर भरकन उडतो, उडताना पृष्ठभाग गार पडतो, आणि हवेत एवढा दमटपणा असला की तिथे पाणी धरतं. ते पाणी लॅकरच्या थरात अडकलं की पांढरं पडतं. त्यांच्याकडे याला "लॅकर फुलला" म्हणतात. "पावसात लाकूड फुगता, लॅकर पण फुलता. घाई करून चलाचा नाय, बाय."

१४ जून

उपाय सापडला, पाच दिवस गेले.

पहिलं, लॅकरमध्ये साध्या थिनरऐवजी थोडा रिटार्डर थिनर. तो हळू उडतो, पाण्याला निघून जायला वेळ मिळतो. जास्त घातला तर दुसऱ्या दिवशीही चिकट राहतं. मी अंदाजाने घालून एक टोपलं चिकट करून ठेवलं, मग मापाच्या कपाने घालू लागले. आमच्या लॅकरला दहा भागांना एक भाग पुरला.

दुसरं, लाकूड आधी कोमट करायचं. जुन्या लाकडी कपाटात खाली शंभर वॅटचे दोन पिवळे बल्ब लावले, वरच्या जाळीवर फळं. दोन तास. मग फळं बाहेर काढून दुसऱ्या खोलीत नेऊन लॅकर मारायचा. बल्ब आणि लॅकर एका खोलीत कधीच नाही.

तिसरं, दमटपणा मोजायचं छोटं यंत्र मागवलं. ओटीवर ९१ टक्के दाखवलं, कपाटात ५८. आकडा समोर असला की घाई आपोआप थांबते. ८५च्या वर असेल तर लॅकरचा डबा उघडायचा नाही, असा नियम केला.

पांढरी पडलेली ६४ फळं रिटार्डर लावलेल्या मऊ फडक्याने हलकेच पुसली, थर पुन्हा ओला झाला आणि झाक गेली. ११ नगांचा रंगही फडक्याबरोबर निघाला, ते परत रंगवले. लॅकर, रिटार्डर धरून १,३५० रुपये जास्तीचे, यंत्र आणि बल्ब ७००.

२४ जून

चकत्या छापून आल्या, सोबत तक्त्याचा नमुना. दोन गोष्टी बिघडल्या आणि दोन्हींना मीच जबाबदार, छापखान्याने दिलं तेच छापलं.

कवंडळाचा रंग. तक्त्यावर ते सगळ्यांत मोठं आहे, आणि पडद्यावर निखाऱ्यासारखं पेटलेलं दिसत होतं. छापून आलं ते विटेसारखं. पडद्यावरचा झगझगीत नारिंगी छपाईच्या चार शाईंत मिळतच नाही. हे मला माहीत होतं, तरी पडद्यावर बघूनच ठरवलं. आता त्या रंगातून निळी आणि काळी शाई पूर्ण काढली, पिवळी शंभर टक्के ठेवली आणि मॅजेंटा (गुलाबी शाई) ऐंशी टक्क्यांच्या खाली आणली. नमुना काढून तो उघड्या खिडकीशी बघितला.

शेरवड तर दिसेचना. पांढऱ्या कागदावर पांढरं पान! खरं म्हणजे ते पान नाही, फुलाच्या निदलातलं एकच दल मोठं होऊन पांढरं पानासारखं होतं, आणि खरं फूल त्याच्या शेजारी बारीक, नारिंगी असतं. गेल्या वर्षीच्या प्रश्नाचं हे उत्तर. मी एवढं वाचून, समजून काढलं, आणि कागदावर त्याचाच पत्ता नाही. आता मागे गडद हिरवी पानं भरली, म्हणजे पांढरं उठून येईल. रानातही ते तसंच दिसतं, लांबून हिरव्यात पांढरे ठिपके.

दुसऱ्यांदा छापायला टाकण्याआधी तक्ता कुणाला तरी दाखवावा असं वाटलं. इथे थांबले ते बरं झालं.

३ जुलै

चौकटींखाली पिवळसर भुकटी. चाळल्यासारखी बारीक. वहिनींनी एक चौकट आपटली तर टाचणीच्या टोकाएवढ्या भोकांतून आणखी पडली. भुंगा लागलाय.

बाबांनी आता पूर्ण सांगितलं. बांबू दिवाळीनंतर तोडायचा, तोही अवसेला, आणि महिनाभर पाण्यात बुडवून ठेवायचा. वाढीच्या दिवसांत तोडलेल्या बांबूत गोडवा असतो, भुंगा त्याच्यावरच जगतो. वाहत्या पाण्यात तो धुऊन निघतो. अवसेचं मी सांगू शकत नाही, बाकीचं समोर दिसतंय.

१२० पैकी ४१ चौकटी गेल्या, जाळून टाकल्या. बाकीच्या ७९ टाकणखार (बोरॅक्स) आणि बोरिक अ‍ॅसिडच्या कोमट पाण्यात दोन दिवस बुडवून, बल्बच्या कपाटात वाळवल्या. नवीन २५ चौकटींना बाबांनी गोठ्याच्या माळ्यावरचा तीन वर्षांपूर्वीचा जुना चिवार काढून दिला. तो घरातच होता, मे महिन्यात मी एकदा विचारलं असतं तर ४१ चौकटी वाचल्या असत्या. वहिनींना २५चे १,७५० दिले. तेवढाच जुना चिवार होता, म्हणून आता १२० नाही, १०४ संच.

१३ जुलै

वाडीतल्या आजींकडे तक्ता घेऊन गेले. आमच्या वाडीत माटवीचं सामान काढायला पोरं रानात जायची ती त्यांना विचारून. आजींनी चष्मा लावला, तक्ता मांडीवर घेतला, आणि बोट एकेका चित्रावर ठेवत गेल्या. कवंडळ, बरोबर. कळलावीवर थांबल्या, "ह्येची पानां बघ, टोकाक वळतत, बरां काढलंस." पानांची टोकं तणाव्यासारखी वळून दुसऱ्या झाडाला धरतात, ते मी मुद्दाम काढलं होतं. ते त्यांच्या नजरेला आलं याचा मला किती आनंद झाला, लिहिता येत नाही.

मग कांगण.

"गो बाय, ह्यां चतुर्थीचा कांगण न्हय."

मी पिवळी फळं काढली होती, तीन भागांत उकललेली, आत लाल-नारिंगी बी. दिसायला फारच सुंदर. एका फोटोवरून घेतलं होतं. आजी म्हणाल्या, असं होतं ते नंतर, पिकल्यावर. माटवीला बांधतात ते हिरवे घोस. आणि पानं मी समोरासमोर जोडीने काढली होती, कांगणाची एकाआड एक येतात. त्यांनी उठून मागच्या परसात नेलं. गडग्यावर (दगडी कुंपणावर) वेल चढलेला होता, पावसात निथळत, बारीक हिरव्या फळांचे घोस लोंबत होते. मी छत्री खांद्यात धरून वहीत काढायला लागले तर शाई पसरली, मग शिसपेन्सिलीने काढलं. पान मोजलं, कडेचे दाते मोजले. आजी सगळा वेळ पडवीत उभ्या होत्या.

माझी मूळ चूक वेळेची आहे. माटवीतलं सगळं श्रावण-भाद्रपदात येतं, आणि तक्ता जुलैत छापून व्हायला लागतो. म्हणजे जिवंत झाड समोर ठेवून काढायचं तर ते एक वर्ष आधी. यंदा मी अर्धी चित्रं फोटोवरून काढली आणि कांगण तिथेच चुकलं. लोकांच्या पोरांना चुकीचं झाड शिकवण्यापेक्षा पुन्हा छापलेलं बरं. चकत्या दुसऱ्यांदा छापायचे ४,५६० रुपये.

नावांचाही प्रश्न होता. शेजारच्या तालुक्यातल्या मैत्रिणीने "शेरवड नाही, सरवड" म्हणून सांगितलं. मी एकच नाव "बरोबर" ठरवणार नाही. तक्त्यावर आमच्याकडचं नाव छापलं आणि प्रत्येक चित्राखाली एक रिकामी रेघ ठेवली, "तुमच्याकडे काय म्हणतात?" एवढं लिहून. कळलावीखाली लाल अक्षरात: सगळं झाड विषारी, विशेषतः कंद, तोंडात घालू नये.

२२ जुलै

दुसरी छपाई चांगली आली. गोल कापायची डाय १,९०० रुपयांना करून घेतली. कात्रीने सहाशेच्या वर गोल कापणं माणसाचं काम नव्हे, वीस कापून बघितले आणि थांबले.

१ ऑगस्ट

किंमत. एका संचाचा खर्च: फळं १७६, रंगकाम ६४ (वाडीतल्या दोघीजणी, नगाला आठ रुपये), चौकट ७०, चकत्या ३८, तक्ता ३२, सुंभ-पेटी-सिलिका ५५. बेरीज ४३५. मी ६५० ठरवून बसले होते आणि तसं दोन ओळखीच्यांना सांगूनही टाकलं. मग दुकानदाराशी बोलणं झालं, त्याचे ३० टक्के. ६५०मधले १९५ गेले की ४५५ हातात. एका संचामागे वीस रुपये, त्यात सहा महिन्यांचं माझं चित्रांचं काम.

८५० केली. दुकानातून ५९५ हातात येतात. ज्या दोघांना ६५० सांगितलं होतं त्यांनी मागितले तर त्याच भावाने देईन, शब्द दिला होता. (नंतर दोघांनीही स्वतःहून ८५० दिले.) थेट विकतानाही ८५०च, नाहीतर दुकानदारावर अन्याय.

१२ ऑगस्ट

पेट्यांना बुरशी. पुठ्ठ्याच्या पेट्या घरीच चिकटवल्या, मैद्याची खळ वापरली, जुन्या सवयीने. चौथ्या दिवशी सांध्यांवर हिरवट केस. बाइंडर खळीत मोरचूद घालतात ते याचसाठी, पण जिथे पोरांचे हात लागणार तिथे मोरचूद नको. २२ पेट्या टाकल्या, बाकीच्यांचे सांधे पुसून फेविकॉलने परत चिकटवले. प्रत्येक पेटीत सिलिकाच्या दोन पुड्या, वरून पिशवी.

२६ ऑगस्ट

उद्या चतुर्थी. चतुर्थीआधीचे शेवटचे नऊ संच आज गेले, चाकरमान्यांनी घरी येऊन नेले. आता माटवीचं सामान आणायला जाते.

२९ ऑगस्ट

आरती झाली की वही घेऊन माटवीखाली बसते. कवंडळाचा देठ मी सरळ काढला होता, तो जरा पिळवटलेला असतो. हरणाची फुलं तिसऱ्या दिवशी कशी मिटतात तेही काढलं. सकाळच्या उजेडात, जिवंत, १७ पानं झाली.

८ सप्टेंबर

हिशेब. ९१ संच गेले: थेट ५२, म्हणजे ४४,२००, दुकानातून ३९, म्हणजे २३,२०५. एकूण ६७,४०५. खर्च: मूळ १२० संचांचे ५२,२००, जास्तीच्या चौकटी १,७५०, फेरछपाई ४,५६०, लॅकर १,३५०, डाय १,९००, यंत्र-बल्ब ७००. एकूण ६२,४६०. हातात ४,९४५ आणि शिल्लक १३ संच. फेरछपाई आणि चौकटी टळल्या असत्या तर हातात अकरा हजारांच्या वर राहिले असते.

शिल्लक संच पोस्टाने मागणाऱ्यांसाठी: १ सप्टेंबरपासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टातच विलीन झालंय, त्यामुळे जुन्या दराने कुणाला पोस्टखर्च सांगू नका. मी एकाला सांगितला आणि फरक स्वतः भरला.

तक्त्याचे फोटो परत येऊ लागलेत, रिकाम्या रेघा भरलेले. एका मुलीने सहाही रेघा आजोबांच्या अक्षरात भरून घेतल्यात. पुढच्या तक्त्यात ही नावं छापायची.

२० नोव्हेंबर

आज अवस. बाबांनी सकाळी चिवार तोडला, साठ काठ्या. दुपारी व्हाळात (ओढ्यात) नेऊन आडव्या घातल्या आणि वर दगड ठेवले, वाहून जाऊ नयेत म्हणून. काकांना पुढच्या वर्षीच्या फळांचे पैसे दिले, मार्चअखेर सगळा माल आणि गाभ्याशिवायचे नारळ. रंग आणि लॅकर एप्रिलमध्येच संपवायचा.

येताना आजींकडे गेले. गडग्यावरचं कांगण आता पिकलंय, पिवळं, उकललेलं, आत लाल बी. मी तेही काढून घेतलं, हिरव्या घोसाच्या शेजारी. आजींनी दोन्ही बघितली, आणि हिरव्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "ह्यां चतुर्थीचा."